कुकर लावू का?

पहिला फोन दहाला दहा कमी असताना आला.

"ताई, कुठवर आलात? कुकर लावू का?"

हिने मान वर करून पाहिलं. चारी बाजूंना शेवाळलेल्या, पाझरणाऱ्या भिंती. त्या भिंती हळूहळू उंच होत चाललेल्या, म्हणजे आम्ही खाली चाललेले. वर आकाशाचा एक चौकोन, आणि चौकोनाच्या कडेला हातात कॉफीचे पेले घेऊन आमच्याकडे बघत उभी असलेली सातआठ माणसं आणि तीन कुत्री.

"विहिरीत आहोत," ही म्हणाली.

पलीकडे जरा शांतता पसरली.

"बरं, मग थांबते," भावजय म्हणाली.

हा प्रवास मुळात पंचवीस मिनिटांचा. स्टोक ब्रुअर्न नावाच्या खेड्यातून मिल्टन कीन्समधल्या ग्रेट लिनफर्डला, जिथे हिचा मावसभाऊ राहतो, मोटारीने तेवढाच वेळ लागतो. पण मुलाच्या डोक्यात भरलं होतं की आईबाबांना या खेपेला काहीतरी वेगळं दाखवायचं. मागच्या वेळी त्याने आम्हाला राणीचा राजवाडा बाहेरून दाखवला होता. या वेळी त्याने ग्रँड युनियन कालव्यावर आठवडाभरासाठी एक बोट भाड्याने घेतली. "आणि वाटेत मामाकडे जेवायला जाऊ. बोटीनेच. कालवा त्याच्या घरामागूनच जातो."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, वर सलग अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी. कालवा म्हटलं की मला पाटबंधारे खातं, आवर्तन, पाटकरी आणि खडकवासल्याहून येणारा मुठेचा उजवा कालवा आठवतो. त्यात म्हशी डुंबतात, निर्माल्य तरंगतं. त्यातून कुणी मेव्हण्याकडे जेवायला जात नाही.

मेव्हण्यालाही ते पटलं नव्हतं. एकतीस वर्षं तो त्या घरात राहतोय. "आमच्या मागे?" तो फोनवर म्हणाला होता. "मागे तो एक नाला आहे. त्यातून कुठून येणार तुम्ही?" या नाल्याचं एक टोक लंडनला आणि दुसरं बर्मिंगहॅमला आहे, लांबी १३७ मैल, आणि मिल्टन कीन्स हे शहर कागदावर आलं १९६७ साली, तेव्हा कालव्याला तिथे दीड शतकाहून अधिक काळ झाला होता, हे नातवाने त्याला पुस्तकातून वाचून दाखवलं. मेव्हण्याने ते ऐकून घेतलं आणि पत्ता सांगितला : एच नंबरच्या रस्त्यावरून व्ही नंबरच्या रस्त्याला लागा, तिथून तिसरा राउंडअबाउट. त्या शहरात रस्ते आलेखाच्या कागदावर आखल्यासारखे आहेत, आडव्यांना एच आणि उभ्यांना व्ही. कालवा मात्र वाटेल तसा वळत जातो, आणि त्याला पत्ता एकच असतो : पुलाचा नंबर. तीन दिवस आधीपासून साडेबाराचं जेवण ठरलं होतं. बारा वाजता पोचू, असं मुलगा म्हणाला. हे वाक्य पुढे दिवसभर आमच्या मागे लागलं.

बोटीचं वर्णन करायचं, तर सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा बोळ सोडवून पाण्यावर तरंगत ठेवला आहे असं समजा. लांबी साठ फूट, रुंदी सहा फूट दहा इंच. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने अठराव्या शतकात मध्य इंग्लंडातल्या कालव्यांची लॉकं सात फुटी ठरवून टाकली, आणि तेव्हापासून त्या देशातल्या या बोटी अंग चोरून जगताहेत. आत एकामागे एक स्वयंपाकघर, बैठक, झोपायची जागा, न्हाणीघर. समोरून माणूस आला की दोघांपैकी एकाने पलंगावर चढायचं. आमच्या बोळातही हीच पद्धत होती, फक्त तिथे चढायला जोशांचा ओटा होता.

बोट देणाऱ्या गृहस्थाने आदल्या दिवशी पाऊण तासात सगळं शिकवलं. कालव्यात वेगाची मर्यादा ताशी चार मैल. उभ्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. ब्रेक नाही. सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट दिशेला बोट वळते. हे मुलाला आणि सुनेला जड गेलं, मला नाही. बँकेत पुण्याला बदली हवी असली की अर्जात नागपूर लिहायचं, हे मी उभं आयुष्य करत आलो होतो. माझी अडचण निराळीच. दांडा ढकलल्यावर बोट काहीच करत नाही. पाच-सहा सेकंद ती विचार करते. आपल्याला वाटतं की हिला ऐकू गेलं नाही, म्हणून आपण आणखी ढकलतो. मग तिला दोन्ही वेळचं एकदम ऐकू येतं आणि पंधरा-वीस टन लोखंड शांतपणे समोरच्या झुडपात शिरतं.

पहिल्या दिवशी आम्ही इतक्या झुडपांत शिरलो की बोटीच्या टपावर पाचोळा, दोन पिसं आणि कुणाच्या तरी अंगणातला वाळत घातलेला मोजा जमा झाला. समोरून बोट आली की उजवीकडून जायचं असतं. रस्त्यावर डावीकडून आणि पाण्यात उजवीकडून जाणाऱ्या या देशाने दीडशे वर्षं आपल्यावर राज्य कसं केलं, हा विचार माझ्या मनात येईपर्यंत समोरची बोट आलेली असायची. समोरचा माणूस "सुंदर दिवस आहे" असं म्हणून आमच्या टकरीपासून स्वतःची बोट वाचवायचा.

संध्याकाळी ब्लिसवर्थचा बोगदा लागला. २,८१३ मीटर लांब, १८०५ साली खुला झालेला. त्या काळी बोटीला घोडा जुंपत, पण बोगद्यात घोड्याला वाट नाही. तेव्हा माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलत. नुसतं झोपून काम आणि त्याचे पैसे, असा हुद्दा आमच्या बँकेत फक्त एकाच माणसाला होता. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरलं की गाडीतली मुलं ओरडतात, तो संस्कार जागा होऊन ही "हूऽऽ" करून ओरडली. अंधारातून, फार लांबून, एका इंग्रज माणसाने अतिशय सभ्यपणे "हॅलो?" असं विचारलं. पुढचा अर्धा तास आमच्यापैकी कुणीही ब्र काढला नाही.

अशा रीतीने आम्ही रात्री स्टोक ब्रुअर्नला, सात लॉकांच्या डोक्यावर मुक्कामाला आलो, आणि सकाळी नऊला मेव्हण्याकडे जेवायला निघालो.

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. हौदात बोट घालायची, मागचं दार लावायचं, पुढच्या झडपा उघडायच्या, पाणी उतरतं, बोट उतरते, पुढचं दार उघडायचं. नातवाने हे एका वाक्यात सांगितलं. मला तेवढ्यावर थांबता येईना, कारण माझं लक्ष पाण्याकडे गेलं होतं. "एका लॉकमध्ये किती पाणी मावतं?" मी आमच्या शेजारच्या बोटीतल्या आजोबांना विचारलं. इथली लॉकं दोन बोटी शेजारी शेजारी मावतील एवढी रुंद, त्यामुळे एक निवृत्त जोडपं आणि त्यांचं कुत्रं आमच्याबरोबर उतरत होतं. आजोबांनी गॅलनमध्ये आकडा सांगितला. मी मनात लिटर केले. सुमारे अडीच लाख.

मी मटकन खाली बसलो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो तो दहा हजार लिटरचा. त्याच्यासाठी मी रात्री अकराला फोन केलेत, वॉलमन नावाच्या अधिकाऱ्याला दिवाळीचा चिवडा पोचवलाय, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बादली वाहून जाऊ दिली म्हणून नोटीस लावलीय. आणि इथे एका लॉकला पंचवीस टँकर. सात लॉकं, म्हणजे एकशे पंच्याहत्तर टँकर. एवढं पाणी सोडून मी वरणभात खायला चाललो होतो.

"म्हणून तर दोन बोटी एकदम उतरवायच्या," आजोबा म्हणाले. "पाणी वाचतं."

तेव्हापासून मी त्यांना जवळचा माणूस मानू लागलो. प्रत्येक लॉकला ते आमच्या आधी पोचत आणि आमची वाट बघत थांबत. पाणी वाचवायला थांबत की आम्ही दार तोडू नये म्हणून, हे मी विचारलं नाही.

लॉकच्या झडपा फिरवायला लोखंडी हँडल असतं, त्याला विंडलास म्हणतात. बोटीवर दोन होती. तिसऱ्या लॉकवर मी एक घेऊन वर चढलो, कारण वर बघे उभे होते आणि घरचा कर्ता पुरुष खाली बसून राहिलेला बरा दिसत नाही. कालव्याच्या काठी नुसतं बघत उभं राहणाऱ्या माणसाला तिकडे 'गाँगूझलर' असा खास शब्द आहे. आपल्याकडे लकडी पुलावर उभं राहून मुठेचा पूर बघणाऱ्यांची परंपरा जुनी, पण आपले बघे हाडाचे सल्लागार असतात. हे लोक नुसते बघतात. मी हँडल उलटं लावलं, ते बघत राहिले. मी ते जोर लावून फिरवलं, ते बघत राहिले. हँडल निसटलं, हवेत एक गिरकी घेऊन डुबुक करून पाण्यात गेलं, तेव्हा एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणजे सल्ला होता. तो फक्त आपसात होता.

दुसरा फोन याच वेळी आला.

"ताई, झालं का विहिरीचं? कुकर लावू?"

"एक विहीर संपली. दुसरीही संपली. आता यांचं हँडल बुडालंय."

"बरं. डाळ भिजवून ठेवते."

आजोबांनी दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक काढलं. या कालव्यात हँडलं बुडणं इतकं नेहमीचं की जाणती माणसं चुंबक घेऊनच हिंडतात. पहिल्या खेपेला माझं हँडल आलं. नातवाच्या हट्टासाठी आणखी दोन खेपा टाकल्या, तर आणखी एक, गंजलेलं, कुणाचं तरी जुनं हँडल वर आलं. माझ्यासारखा कुणीतरी आधी येऊन गेला होता, हे बघून मला फार बरं वाटलं.

सातवं लॉक उतरलो तेव्हा बारा वाजले होते. जेवायला अर्धा तास होता आणि घर अकरा मैल लांब होतं.

यापुढे मेव्हण्याने सूत्रं हातात घेतली. मुलाने त्याला मोबाइलवर आमचा ठावठिकाणा दाखवणारी सोय लावून दिली होती. मेव्हणा इंजिनिअर, त्यामुळे तो घरात बसून आमच्या निळ्या ठिपक्यावर देखरेख करू लागला. "भावोजी, तुम्ही थांबलाय का?" "नाही, चाललोय." "ठिपका हलत नाहीये." "पण झाडं हलताहेत." "वाऱ्याने असेल." मी काठाकडे नीट पाहिलं. काठाच्या पायवाटेवरून, जिथून पूर्वी घोडे चालत, एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. ती आमच्या पुढे गेली. बाळ मागे वळून बराच वेळ आमच्याकडे बघत होतं, पुढे तेही दिसेनासं झालं.

एक वाजता पोटात कावळे ओरडू लागले. मामाकडे जेवायला जायचं म्हणून सुनेने काही केलं नव्हतं. हिने "नुसते वाटीभर" म्हणत पोहे भिजवले. आम्ही पाच जणांनी मिळून नुसते वाटीभर म्हणत एक पातेलं संपवलं. "मामाकडे बोलायचं नाही हं," हिने नातवाला बजावलं. नऊ वर्षांच्या मुलाला गुपित सांगणं म्हणजे मुदतठेव चालू खात्यात टाकणं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कॉसग्रोव्हला एक लॉक, आणि ते ओलांडलं की कालवा नदीवरून जातो. खाली ग्रेट ऊझ नदी, वर १८११ साली टाकलेली लोखंडी पन्हळ, पन्हळीत कालवा, कालव्यात बोट, बोटीत आम्ही. आगगाडी नदीच्या पुलावर आली की नाणं टाकायचं, ही हिची लहानपणापासूनची सवय. हिने पर्समधून दहा पेन्स काढले, डोळे मिटले, हात जोडले आणि नाणं टाकलं. ते अर्थातच कालव्यात पडलं.

"नदीला पोचलं का?" हिने विचारलं.

"नाही. मधे पाटबंधारे खातं आहे," मी म्हणालो.

हिने दुसरं नाणं जरा लांब भिरकावलं. ते पलीकडे गेलं की पन्हळीच्या कडेवर अडकलं यावर मुलगा आणि सून यांचं एकमत होईना, म्हणून तिसरं. तीस पेन्स गेले तेव्हा कुठे ऊझ माता प्रसन्न झाली. मागून चाललेल्या आजोबांनी हा काय प्रकार म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, टोल.

वुल्व्हर्टनच्या अलीकडे बोट मरगळली. इंजिन गुरगुरत होतं पण पुढे सरकेना. पंख्यात काहीतरी अडकलं होतं. अशा वेळी इंजिन पूर्ण बंद करून, बोटीच्या शेपटाकडचं एक झाकण उघडून, पालथं पडून खांद्यापर्यंत हात थंडगार पाण्यात घालायचा असतो. मुलगा पालथा पडला. त्याने एकेक वस्तू वर द्यायला सुरुवात केली : प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे, सायकलची ट्यूब, निळी दोरी. शेवटी ओढून ओढून एक अख्खा चेक्सचा शर्ट आला, दोन्ही बाह्या शाबूत.

"बरा आहे की," ही म्हणाली. "एकच बटण तुटलंय."

या उपक्रमात पाऊण तास गेला. फोन दोन आले. पहिल्यात कुकर लावला होता. दुसऱ्यात तो गार झाला होता.

मेव्हण्याचा धीर सुटला तो इथे. तो गाडी काढून आम्हाला शोधायला निघाला. शोधून काय करणार होता हे माहीत नाही, बहुधा घेऊन जाणार होता आणि बोट मागून येऊ दे म्हणणार होता. न्यू ब्रॅडवेलजवळ त्याचा फोन आला. "भावोजी, मी अगदी ठिपक्यावर उभा आहे. तुम्ही दिसत नाही. इथे तर चार पदरी रस्ता आहे."

मी इकडेतिकडे पाहिलं. डाव्या हाताला कठडा. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली रस्ता. तिथे १९९१ साली नवा रस्ता काढला तेव्हा कालवा उचलून त्याच्या डोक्यावरून नेला आहे. खाली रस्त्याच्या कडेला मेव्हण्याची गाडी, पिवळे दिवे लुकलुकताहेत, आणि मेव्हणा फोन कानाला लावून चारी दिशांना बघतोय.

"वर बघ," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. एकतीस वर्षं तो या रस्त्याने कामावर जात होता. डोक्यावरून पाणी जातं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या पाण्यातून बहीण हात हलवत जाताना दिसल्यावर त्याच्या तोंडावर जे भाव उमटले, ते बघायला इतका उशीर झाला तरी चालेल असं मला वाटलं.

सव्वापाचला आम्ही ग्रेट लिनफर्डला काठाला लागलो. खुंट्या ठोकल्या, दोर बांधले. काठावर स्वागताला भावजय, त्यांची मुलगी आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या मावशी, म्हणजे माझ्या मावससासूबाई, काठी टेकून उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला.

"आलात, जावईबापू," मावशी म्हणाल्या. "आम्ही जेवायचे थांबलोय."

माझ्या पोटातल्या पोह्यांनी कूस बदलली. ही माणसं साडेबारापासून उपाशी होती. जावई यायच्या आधी पान घ्यायचं नाही, हा मावशींचा दंडक मिल्टन कीन्सलाही लागू होता. पहिला भात फोडणीला गेला होता, दुसऱ्याचा दहीभात झाला होता, तिसरा ताजा होता. तिन्ही वाढले गेले. बटाट्याची भाजी, कोशिंबीर, ग्रीक दह्याचं श्रीखंड. आणि आग्रह. तो इतका मनापासूनचा होता की मी पहिली पोळी लाजेने, दुसरी भीतीने आणि तिसरी प्रायश्चित्त म्हणून खाल्ली.

"पोरगं काहीच खात नाही," मावशी नातवाकडे बघून म्हणाल्या.

"पणजी, मला पोह्यांनी पोट भरलंय," नातू म्हणाला. "मला दोनदा मिळाले. आजोबांना तीनदा."

ताटांवरचा चमच्यांचा आवाज थांबला. मेव्हण्याने हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि चौथी पोळी वाढली. ती शिक्षा होती. मी ती भोगली.

जेवणानंतर बोट बघायचा कार्यक्रम. आम्ही पाच, ते चार, असे नऊ जण त्या बोळात एका रांगेत उभे राहिलो. बसायला वळावं लागतं आणि वळायला जागा नव्हती. पुढच्या टोकाला भावजय म्हणाली, "चहात साखर कमी घाला, आईंना चालत नाही." निरोप एकेका कानातून मागे गेला, आणि मागच्या टोकाला चूल सांभाळणाऱ्या सुनेला "चहा नको, आईंना चालवत नाही" असा पोचला. तिने गॅस बंद केला. पंधरा मिनिटं सगळे चहाची वाट बघत उभे होते. मधल्या मेव्हण्याला न्हाणीघरात जायचं झालं तेव्हा चार जणांना काठावर उतरून पुन्हा चढावं लागलं. ते गाडीच्या डब्यातल्यासारखे वेगळ्याच क्रमाने चढले, त्यामुळे पुढचा सगळा वेळ माझ्यासमोर मेव्हण्याची पाठ होती.

मावशी पलंगावर टेकल्या होत्या. त्यांनी बोटीची बारकाईने चौकशी केली. पाणी कुठून येतं, गॅस कुठे ठेवता. "आणि न्हाणीघरातलं ते सगळं," त्यांनी विचारलं, "जातं कुठे? कालव्यात?"

"छे, कालव्यात सोडायला बंदी आहे," मुलगा अभिमानाने म्हणाला. "टाकी आहे. पलंगाखाली."

मावशी उठल्या. काठीशिवाय उठल्या. "मी बाहेर उभी राहते," त्या म्हणाल्या.

साडेसातला आम्ही निरोप घ्यायला लागलो. आपल्याकडे निरोप एकदा घेऊन भागत नाही. एक सोफ्यावर, एक उभ्याने, एक चपला घालताना, एक जिन्यात, आणि शेवटी गाडी सुरू झाल्यावर काचेतून हात घालून सगळ्यात महत्त्वाची बातमी. गाडी निघते म्हणून हे कुठेतरी संपतं. इथे मावशींनी काठावरच हिची आणि सुनेची ओटी भरली, मुलाने खुंट्या उपटल्या, मी दांडा धरला, सगळ्यांनी हात हलवले. बोट निघाली.

आणि ते सगळे आमच्याबरोबर चालू लागले.

"अगं ताई, सांगायचं राहिलंच," भावजय काठावरून म्हणाली, "बेळगावच्या काकूंचं ऑपरेशन झालं." ही बोटीच्या टोकावर उभी राहून ऐकू लागली. पुढे उभ्या बोटींची रांग लागली, म्हणून मी वेग आणखी कमी केला. काकूंच्या ऑपरेशननंतर त्यांच्या सुनेचं वागणं, मग ती सून मुळात कुणाच्या ओळखीतून आली, मग ज्यांनी ती आणली त्यांनी बंगल्याच्या वाटणीत काय केलं. मेव्हण्याने मला पेन्शनबद्दल विचारलं. मावशी काठी टेकत सगळ्यांच्या मागून निघाल्या होत्या. पहिल्या पुलापाशी त्यांनी आम्हाला गाठलं, दुसऱ्या पुलापाशी त्या पुढे होत्या आणि वळून म्हणत होत्या, "या सावकाश." शेवटी त्यांनाच दम लागला आणि ते चौघे एका बाकावर बसून, आम्ही वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिले. वळण आठ मिनिटांवर होतं. आठ मिनिटं हात हलवत ठेवणं काय असतं, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. मी अधूनमधून हात बदलत होतो.

वळणाआड गेल्यावर हिने डोळे पुसले. "किती जीव लावतात," ती म्हणाली.

"आई," मुलगा म्हणाला, "आपल्याला परत जायचंय त्याच बाजूने."

साठ फुटी बोट कालव्यात हवी तिथे वळत नाही. त्यासाठी काठ खणून रुंद केलेल्या ठरावीक जागा असतात. आमचा बोटवाला आमच्या मागे होता, वळायची जागा पुढे. ती गाठून, बोटीचं नाक चिखलात रुतवून, शेपूट फिरवून, एका मासेमाराची माफी मागून आम्ही तोंड फिरवलं तेव्हा साडेआठ झाले होते. जूनमध्ये तिथे सव्वानवापर्यंत सूर्य असतो, त्यामुळे अंधाराचा आसरा नव्हता.

"सगळे आत बसा, पडदे ओढा," ही म्हणाली. "एवढा निरोप झाल्यावर पुन्हा कसं दिसायचं!"

सुकाणू मात्र बाहेर असतं. मी टोपी कपाळावर ओढली, मान वळवली आणि घराच्या विरुद्ध बाजूला असलेल्या एका बदकाकडे एकटक बघत बोट हाकू लागलो.

"भावोजी!" काठावर मेव्हणा उभा होता. हातात स्टीलचा डबा. "श्रीखंड विसरलात! ठिपका परत येताना दिसला म्हणून खाली आलो."

मागून भावजय आली, मुलगी आली, आणि आतून ही पडदा सारून बाहेर आली. काकूंच्या सुनेचं राहिलेलं सुरू झालं. मावशी मात्र या वेळी खाली आल्या नाहीत. त्या वरच्या खिडकीतून म्हणाल्या, "पोचलात की फोन करा हो. नाहीतर मला झोप लागत नाही."

भाड्याची बोट अंधारात चालवायची नाही असा नियम. नऊनंतर थोड्या वेळाने, जिथे मोकळी जागा दिसली तिथे आम्ही खुंट्या ठोकल्या. दिवा लावला, श्रीखंडाचा डबा उघडला, आणि हिला आठवण झाली. तिने फोन लावला.

"मावशी, पोचलो गं."

"दिसतंय," मावशी म्हणाल्या. "तो दिवा बंद करा आता, डोळ्यावर येतोय."